रिझालच्या ‘नऊ प्रेयसी’ कुणी मोजल्या? फिलिपिन्सच्या सहली काढणाऱ्या मराठी संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून फिलिपिन्सला सहली आणणारे सर्व संयोजक
आणि त्यांच्यासाठी बसमधला मजकूर लिहिणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी लग्न करून या देशात आले. सासर काविते प्रांतातलं, मारागोंदोनचं. मुलगी इथल्याच शाळेत नववीत आहे. मराठी गट मनिलात आले की परवानाधारक स्थानिक गाइडच्या शेजारी उभं राहून सगळं मराठीत सांगायचं काम मी करते. २०२५ पासून भारतीयांना इथे १४ दिवस व्हिसाशिवाय येता येऊ लागलं आणि हे काम वाढलं. त्याबद्दल तक्रार असायचं कारण नाही. आमच्या घरखर्चाला त्याचा हातभार लागतो, म्हणून तर हे पत्र लिहावं की नाही यावर बराच विचार केला.

निमित्त असं. येत्या हंगामासाठी तुमच्यापैकी एकांनी बसमध्ये वाचायचा नवा मजकूर पाठवला. इंत्रामुरोस, म्हणजे स्पॅनिशांनी तटबंदीत वसवलेलं जुनं मनिला, पाहायच्या दिवसाला आता ‘रिझालच्या नऊ प्रेयसी’ असं नाव दिलंय. फोर्ट सांतियागोला पोचेपर्यंत नऊ जणींच्या गमतीजमती, मग प्रश्नमंजूषा: कोणती प्रेयसी कोणत्या देशाची? बरोबर उत्तराला चॉकलेट. मनिलातल्या किआपो भागातलं नाकपिल-बाउतिस्ता घर, जिथे क्रांतिकारक ग्रेगोरिया दे हेसुस राहिली, ते कार्यक्रमातून गाळलंय, कारण ‘ग्रेगोरिया दे हेसुस आपल्या लोकांना माहीत नाही’. आणि तळाला ठळक अक्षरांत सूचना, की सांगणाऱ्याने मजकुराबाहेर जाऊ नये. मी फोन केला. उत्तर आलं, “मॅडम, लोक सुट्टीवर आलेले असतात, इतिहासाच्या तासाला नाही.” पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की हाच मजकूर थोड्या फेरफाराने इतरांकडेही फिरतोय. म्हणून कुणा एकाला न लिहिता सगळ्यांना उघड लिहिते आहे. पुढच्या सहलीला पैसे भरणाऱ्यांनीही हे वाचावं.

प्रेमाच्या गोष्टींना माझी हरकत नाही. कुणाचं कुणाशी जुळलं आणि कुणाचं का मोडलं, हे ऐकायला मलाही आवडतं. होसे रिझाल हा डोळ्यांचा डॉक्टर, कवी, कादंबरीकार. ३० डिसेंबर १८९६ ला, वयाच्या ३५ व्या वर्षी, स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या आयुष्यात बायका होत्या, त्यांची नावं कागदोपत्री आहेत, ती सांगायलाच हवीत. पण तुमचा मजकूर टेबलावर पडला होता तेव्हा माझ्या मुलीने तो वाचला. तिच्या वर्गात यंदा रिझालची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी शिकवतात. १९५६ च्या कायद्याने रिझालचं चरित्र आणि लेखन इथे सक्तीचं आहे. वाचून तिने एवढंच विचारलं, “यात पाद्री कुठे आहेत?”

माझं म्हणणं त्या प्रश्नात आलं. स्पॅनिश अमदानीत खेड्यातल्या माणसाला राज्य दिसायचं ते गावच्या चर्चमधल्या स्पॅनिश मठवासी पाद्र्याच्या रूपाने. फ्रायर म्हणत त्यांना. बाप्तिस्मा त्यांच्या वहीत, लग्न त्यांच्या वहीत, मर्तिकही त्यांच्याच वहीत. कित्येक गावांची जमीनसुद्धा त्यांच्या संघांची; रिझालचं कालांबा डोमिनिकन संघाच्या जमिनीवर वसलेलं होतं. चर्चबाहेर लग्न लावायची सोय व्यवहारात नव्हती. मग एखाद्याने या मंडळींविरुद्ध लेखणी उचलली, की त्याचं लग्न, त्याची पत्रं, त्याच्या मेव्हण्याची कबर, सगळं अडवलं जाई. कुणी कुणावर प्रेम करावं आणि त्या प्रेमाचं लग्न व्हावं की नाही, हा तिथे राज्यकर्त्यांच्या अखत्यारीतला प्रश्न होता. तुमच्या मजकुरातून नेमकं तेवढंच गाळलंय, आणि मागे उरलीय ती कॉलेजच्या कट्ट्यावरची टिंगल.

आता तक्रारी क्रमाने.

पहिली, लिओनोर रिव्हेराची. कामिलिंगची ही मुलगी रिझालची नात्यातली. १८८२ मध्ये तो स्पेनला निघून गेला, पुढे वर्षानुवर्षं पत्रांवर नातं टिकलं, आणि ती पत्रं लिओनोरच्या आईने मधल्यामध्ये दाबली. रिझाल आपल्याला विसरला असं समजून लिओनोरने मनिला-दागुपान रेल्वेवरच्या हेन्री किपिंग या इंग्रज इंजिनिअरशी लग्न केलं आणि १८९३ मध्ये बाळंतपणात ती गेली. तुमच्या मजकुरात आई ही टीव्ही मालिकेतली खलनायिका आहे. बसमध्ये हशा येतो तो तिच्यावर.

त्या आईने काय पाहिलं होतं, ते सांगा ना. १८७२ मध्ये गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा या तीन धर्मगुरूंना बंडाच्या आरोपावरून भर मैदानात गळा आवळून मारलं होतं. रिझालची आई तेओदोरा हिला एका कौटुंबिक भांडणातल्या खोट्या आरोपावरून कालांबापासून सांता क्रूझपर्यंत पायी नेऊन तुरुंगात टाकलं होतं. पाद्र्यांवर टीका करणारी ‘नोली’ १८८७ मध्ये बर्लिनला छापून आली आणि रिझालचे नातेवाईक असणं हाच गुन्हा झाला. थोरल्या बहिणीचा नवरा मानुएल इदाल्गो याला बोहोल बेटावर हद्दपार केलं. दुसऱ्या बहिणीचा नवरा मारियानो एर्बोसा १८८९ मध्ये कॉलऱ्याने वारला, तर त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाकारली. १८८७ मध्ये रिझाल काही महिन्यांसाठी घरी परतला तेव्हा लिओनोरला भेटायला दागुपानला जाऊ नकोस, असं खुद्द त्याच्या वडिलांनी बजावलं, रिव्हेरा कुटुंबावर संकट येईल म्हणून. अशा दिवसांत मुलीची पत्रं दडवणारी आई मला आवडते असं नाही. पण तिच्यावर हसायला सांगू नका. आणि हो, ती जळलेल्या पत्रांची राख लग्नाच्या पोशाखाच्या काठात शिवल्याची गोष्ट. सांगायची तर ‘असं सांगतात’ म्हणून सांगा. मजकुरात ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहिलीय.

दुसरी तक्रार आकड्याची, ती थोडक्यात उरकते. नऊ हा आकडा कोणत्या हिशेबाने आला? लिपाची सेगुंदा कातिगबाक हिचं लग्न आधीच ठरलं होतं आणि रिझाल तेव्हा शाळकरी पोरगा होता. माद्रिदच्या कोन्सुएलो ओर्तिगासाठी त्याने एक कविता लिहिली आणि मित्राचं मन तिच्यावर आहे हे कळताच बाजूला झाला. टोकियोत सेइको उसुइच्या सहवासात त्याचे काही आठवडे गेले, लंडनमध्ये घरमालकाच्या मुलीशी ओळख झाली. एखाद्या तरुण माणसाच्या परदेशातल्या ओळखीपाळखी अशाच असतात. त्यांची ओळीने मोजदाद करून क्रमांक लावायचा हे कुठलं शास्त्र? त्यातल्या नेली बुस्तेडचा प्रसंग मात्र जरूर सांगा. तिने प्रॉटेस्टंट होण्याची अट घातली. कॅथलिक पाद्र्यांशी उभा दावा मांडलेल्या या माणसाने ती नाकारली. लग्नासाठी धर्म बदलणार नाही, एवढा त्याचा बाणा होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे दापितानमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने त्याच्यासमोर आली.

तिसरी, जोसेफिन ब्रॅकनची. तुमच्या मजकुरात ती ‘गूढ आयरिश सुंदरी, कदाचित गुप्तहेर’ आहे, आणि प्रश्नमंजूषेतला शेवटचा प्रश्न असा: रिझालचं तिच्याशी लग्न झालं होतं का, हो की नाही?

या प्रश्नाचं उत्तर चॉकलेट देऊन मिळणार नाही. १८९२ मध्ये रिझालला मिंदानाओच्या टोकाला दापितानला हद्दपार केलं. तिथे तो रोगी तपासायचा, गावच्या मुलांना शिकवायचा, गावाला पाणी आणायची योजना आखायचा. १८९५ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगहून टाउफर नावाचा दृष्टी गेलेला माणूस उपचारासाठी आला. सोबत त्याची पालित कन्या, १८ वर्षांची जोसेफिन. रिझालने आणि तिने लग्न करायचं ठरवलं. गावचे पाद्री म्हणाले, बिशपची परवानगी आणा. आणि चर्चची अट होती की रिझालने आपलं धर्मविरोधी लेखन आधी मागे घ्यावं. त्याने घेतलं नाही. मग ते लग्नाविना एकत्र राहिले. त्याच्या बहिणींना ही पोरगी पाद्र्यांची हेर वाटली, पण तसा पुरावा कुणाला मिळाला नाही. मूल दिवस भरण्याआधी जन्मलं आणि काही तासांत गेलं.

पुढे मृत्युदंडाआधीची रात्र. २९ डिसेंबरच्या रात्री रिझालने सगळं लेखन मागे घेतलं आणि ३० च्या पहाटे फोर्ट सांतियागोत आपण त्या दोघांचं लग्न लावलं, असं बालागुएर नावाच्या जेझुइट पाद्र्याने सांगितलं. विवाहनोंद सापडत नाही. लेखन मागे घेतल्याचा म्हणून जो कागद दाखवतात तो १९३५ मध्ये बाहेर आला आणि त्याच्या खरेपणावर इथे आजही हमरीतुमरी होते. म्हणजे जोसेफिन ही ‘पत्नी’ होती का, हा प्रश्न विचारताना तुम्ही खरं तर विचारताय की रिझाल शेवटी चर्चपुढे वाकला का. एका बाईचं पत्नीपण एका पुरुषाच्या शरणागतीला बांधून ठेवलं गेलं, आणि सव्वाशे वर्षं ते सुटलेलं नाही. त्याने स्वतः शेवटच्या दिवशी तिला दिलेल्या धर्मग्रंथावर ‘माझ्या प्रिय आणि दुर्दैवी पत्नीस’ असं लिहिलं होतं, ते पुरेसं नाही का?

तिचं पुढचं आयुष्य मजकुरात नाहीच. नवऱ्याला गोळ्या घातल्यावर ही मुलगी काविते प्रांतात बंडखोरांच्या मुलखात गेली आणि जखमींची शुश्रूषा करत राहिली. नंतर हाँगकाँगला परतली, दुसरं लग्न केलं, एक मुलगी झाली, आणि १५ मार्च १९०२ ला क्षयाने वारली. २५ वर्षांची होती. ‘गूढ’ म्हणण्यासारखं यात काय आहे?

जाता जाता: तुमची बस पाको पार्कवरून जाते. रिझालचं प्रेत सरकारने तिथे गुपचूप, पेटीविना पुरलं होतं. त्याची बहीण नार्सिसा दफनभूमी धुंडाळत फिरली, ताजी माती आणि पहारा पाहून जागा ओळखली आणि पहारेकऱ्याला पैसे देऊन तिथे भावाची आद्याक्षरं उलट्या क्रमाने कोरलेला दगड ठेववला, सरकारला कळू नये म्हणून. दुसरी बहीण त्रिनिदाद हिच्या हातात त्याने तुरुंगातली स्पिरिटची शेगडी दिली आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत सांगितलं की आत काहीतरी आहे. आत त्याची शेवटची कविता होती. बहिणींचं प्रेम तुमच्या नऊच्या यादीत कुठे बसवणार?

आता ग्रेगोरिया. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती घरातलीही आहे. मारागोंदोनात ज्या घरात स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता आंद्रेस बोनिफासिओ याच्यावर खटला चालला ते घर आज संग्रहालय आहे. सासूबाईंच्या माहेरच्या जेवणाच्या टेबलावर बोनिफासिओ की त्याचे प्रतिस्पर्धी नेते आगिनाल्दो हा विषय निघाला की अजून आवाज चढतात. काविते हा आगिनाल्दोंचा प्रांत, त्यामुळे निम्मं टेबल एका बाजूला असतंच. सासूबाई अशा वेळी एकच म्हणतात: दोघांचं नंतर बोला, आधी ओर्यांगचं बोला. ओर्यांग म्हणजे ग्रेगोरिया.

तुम्ही म्हणता ती लोकांना माहीत नाही. कशी असेल? सांगितलीच नाही तर कशी कळेल? १८७५ मध्ये कालोओकानला जन्मलेली ही मुलगी. बोनिफासिओ तोंदोचा, लहानपणी आईबाप गेलेला, हाताने काठ्या आणि कागदी पंखे करून विकणारा, पुढे परदेशी व्यापारी पेढीच्या गोदामावर कामाला लागलेला विधुर. शिवाय तो फ्रीमेसन, म्हणजे चर्चच्या लेखी बहिष्कृत. मुलीच्या घरच्यांचा विरोध होता. तरी १८९३ मध्ये बिनोंदोच्या चर्चमध्ये लग्न लागलं, आईवडिलांच्या समाधानासाठी. त्यानंतर आठवडाभरात दुसरं लग्न, कातिपुनान या गुप्त संघटनेच्या सभासदांसमोर, संघटनेच्या विधीने. पाद्र्याच्या वहीबाहेर लग्न लावायचा हा त्यांचा मार्ग. एवढी एक गोष्ट सांगितलीत तरी त्या काळातलं प्रेम काय होतं ते बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल.

त्याच वेळी ती संघटनेत दाखल झाली आणि कागदपत्रं, शिक्के, शस्त्रं सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. झडतीची कुणकुण लागली की ती सगळा ऐवज घेऊन घोडागाडीत बसायची आणि धोका टळेपर्यंत रात्री-बेरात्री शहरात फिरत राहायची. पहिलं मूल देवीच्या आजारात गेलं, राहतं घर जळालं. ऑगस्ट १८९६ मध्ये संघटनेचं बिंग फुटलं, तेही एका सभासदाने पाद्र्याजवळ तोंड उघडल्याने. मग ती घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला शिकली, उघड्यावर झोपली, डबक्यातलं पाणी प्याली. हे मी रंगवून सांगत नाही, तिने स्वतः तागालोग भाषेत लिहून ठेवलंय.

मार्च १८९७ मध्ये क्रांतिकारकांच्या तेहेरोसच्या सभेत आगिनाल्दो अध्यक्ष झाले. बोनिफासिओला गृहखातं मिळालं तर ‘हा वकील नाही’ म्हणून एकाने आक्षेप घेतला आणि त्याने अपमानाने सभाच रद्द ठरवली. महिन्याभराने त्याला पकडायला आगिनाल्दोंची माणसं आली. भाऊ सिरियाको ठार, बोनिफासिओच्या दंडात गोळी आणि मानेवर वार. आणि पकडायला आलेल्या कर्नलने ग्रेगोरियावर अत्याचाराचा प्रयत्न केल्याचा आरोप त्याच वेळच्या कागदांत नोंदलेला आहे. १० मे १८९७ ला मारागोंदोनच्या डोंगरात बोनिफासिओ आणि दुसरा भाऊ प्रोकोपिओ यांना मारलं. त्यांना मारणारे स्पॅनिश नव्हते. ती नवऱ्याचं प्रेत शोधत डोंगरांत फिरली. मिळालं नाही. तेव्हा ती २२ वर्षांची होती.

“कुटुंबासोबतच्या सहलीत हे नको,” असं तुमच्याकडून मला ऐकवलं गेलं. मग चित्रकार हुआन लुना कसा चालतो? त्याच्याकडे येतेच.

त्याआधी ग्रेगोरियाचं पुढलं सांगते, कारण ती डोंगरात संपली नाही. कातिपुनानमधलाच संगीतकार हुलिओ नाकपिल याच्याशी १८९८ च्या अखेरीस किआपोच्या चर्चमध्ये तिचं लग्न झालं. मुलं झाली, संसार झाला. १९१४ मध्ये बांधलेल्या नाकपिल-बाउतिस्ता घरात ती राहिली. म्हातारपणी तरुणांसाठी तिने काही उपदेश लिहिले, त्यात एक असं की इतिहासाला भिऊन राहा, कारण त्याच्यापासून काही लपून राहत नाही. कुणाला उद्देशून असेल ते मारागोंदोनच्या टेबलावर सगळ्यांना कळतं. १५ मार्च १९४३ ला, जपानी अमलात, ती गेली. जोसेफिनची आणि हिची मृत्यूची तारीख एकच. प्रश्नमंजूषेला प्रश्नच हवा असेल तर हा घ्या.

आता लुना. राष्ट्रीय कलासंग्रहालयात शिरताच त्याचं ‘स्पोलियारियम’ समोर येतं, भिंतभर. १८८४ मध्ये माद्रिदला सुवर्णपदक मिळालेलं हे चित्र पाहून भल्याभल्यांचं बोलणं थांबतं, आणि थांबावंच. त्यापुढे तुमचा मजकूर म्हणतो: ‘हा कलावंत इतका हळवा होता की पत्नीवरच्या वेड्या प्रेमापोटी त्याच्या हातून खून झाला.’

ही ओळ मी वाचणार नाही. सप्टेंबर १८९२ मध्ये पॅरिसच्या घरात लुनाने बायकोला आणि सासूला गोळ्या घातल्या. बायकोचं नाव पाझ पार्दो दे तावेरा. सासूचं हुलियाना गोरिचो. मेव्हणा फेलिक्स जखमी झाला. धाकटी मुलगी त्याच वर्षी आजारात गेली होती. घरात मागे लहान मुलगा होता. बायकोवर संशय होता, त्या आधी मारहाण चालत होती. फेब्रुवारी १८९३ मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. चित्र मोठं आहे म्हणून खून ‘प्रेमापोटी’ होत नाही, आणि मराठी घरांतून आलेल्या बायकांसमोर, त्यांच्या मुलींसमोर, मी तसं म्हणायचं? दोन्ही बायकांची नावंही मजकुरात नाहीत. नऊ प्रेयसींची नावं पाठ करून घेणाऱ्यांना ही दोन जड झाली.

याच्या उलट ज्याने आयुष्यभर बायकोला पत्रं लिहिली तो मार्सेलो देल पिलार तुमच्या मजकुरात एका ओळीचाही धनी नाही. बुलाकानचा हा वकील पाद्र्यांविरुद्ध लिहीत होता. अटक टाळायला १८८८ मध्ये बायको मार्सियाना आणि लहान मुलींना मागे ठेवून स्पेनला गेला. सात मुलांपैकी दोनच जगल्या, सोफिया आणि अनिता. तिकडे ‘ला सोलिदारिदाद’ हे वृत्तपत्र चालवताना पैसे संपले, थंडीत ऊब म्हणून रस्त्यावरची सिगारेटची थोटकं वेचून ओढायची वेळ आली. एका पत्रात तो बायकोला लिहितो की स्वप्नात अनिता मांडीवर आणि सोफिया शेजारी असते, दोघी म्हणतात बाबा पुन्हा माद्रिदला जाऊ नका, आणि जाग येते तेव्हा डोळे भिजलेले असतात. ४ जुलै १८९६ ला बार्सिलोनाच्या इस्पितळात क्षयाने तो वारला. मुली पुन्हा दिसल्या नाहीत. हा माणूस कंटाळवाणा वाटतो तुम्हाला? माझ्या गटातल्या आजोबा-आजींना मी हे सांगितलंय. कुणी कंटाळलं नाही. त्यांच्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत.

चटकदार गोष्टी किती टिकतात, याचा नमुना इथेच आहे. लकव्याने पाय गेलेला अपोलिनारिओ माबिनी, क्रांतीचा मेंदू म्हणवला गेलेला माणूस. त्याचा लकवा गुप्तरोगाने झाला, अशी कुजबूज शत्रूंनी सोडली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९८० मध्ये त्याची हाडं काढून तपासली तेव्हा पोलिओ निघाला. मेल्यावर ७७ वर्षांनी. तुमच्या मजकुरात ती कुजबूज अजून आहे. कृपा करून आजच काढा. त्याच पानावर ग्रेगोरिओ देल पिलारला स्पॅनिशांनी मारल्याचं लिहिलंय. तो १८९९ मध्ये तिराद खिंडीत अमेरिकन सैन्याशी लढताना पडला, आणि त्याच्या खिशातल्या प्रेयसीच्या आठवणी अमेरिकन सैनिकांनी लुटल्या. तेवढं तरी नीट लिहा.

माकातीत गाब्रिएला सिलांगच्या पुतळ्यापाशी फोटोला बस थांबते. नवऱ्याचा मे १७६३ मध्ये खून झाल्यावर इलोकोसचं स्पॅनिशविरोधी बंड तिने पुढे चालवलं, सप्टेंबरमध्ये तिला विगानला फाशी दिलं. आपल्या लोकांना भारताचा धागा हवा असतो, तर तो इथे आहे: नेमक्या त्याच काळात इंग्रजांनी मद्रासचे शिपाई आणून मनिला घेतलं होतं, आणि त्यातले काही शिपाई पलटण सोडून काइंतात राहिले, तिथल्याच मुलींशी संसार थाटले. त्यांचे वंशज अजून आहेत. आवडतं लोकांना हे.

आता मागण्या.

एक, ‘नऊ प्रेयसी’ हे नाव आणि ती प्रश्नमंजूषा बंद करा. दिवसाला ‘इंत्रामुरोस’ एवढं नाव पुरतं.

दोन, किआपोचं घर कार्यक्रमात परत घ्या. गल्ली अरुंद आहे, मोठी बस जात नाही, ही अडचण खरी. पण किआपो चर्चपासून चालत जाता येतं, आणि न चालू शकणाऱ्यांना तीनचाकीने नेऊ.

तीन, खरेदीसाठी तुम्ही सगळ्यांना दिविसोरियाला, तुतुबानला सोडता. जिथे बोनिफासिओचा जन्म झाला असं मानतात ती जागा तिथेच आहे, पुतळाही आहे. आणि तुतुबानची जुनी इमारत म्हणजे मनिला-दागुपान रेल्वेचं मूळ स्थानक, लिओनोरचा नवरा ज्या रेल्वेचा इंजिनिअर होता तीच. पिशव्या हातात घ्यायच्या आधी मला तिथे थोडा वेळ द्या. जास्तीचा खर्च शून्य.

चार, ‘स्पोलियारियम’समोर पाझ आणि हुलियाना यांची नावं घेतली जातील आणि खुनाला खून म्हटलं जाईल.

पाच, दंतकथा दंतकथा म्हणून सांगायची मुभा, आणि जिथे इतिहासकारांत वाद आहे तिथे वाद आहे असं म्हणायची मुभा. मजकुराबाहेर जाऊ नये ही अट काढा. प्रवासी प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरं कागदावर नसतात.

नवा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत. तो चटकदार असेल याची काळजी करू नका. घोडागाडीत शस्त्रं घेऊन रात्रभर फिरणाऱ्या बाईपेक्षा चटकदार तुमच्या कागदात काही नाही. लांबी तुम्ही ठरवा, पाऊण तास म्हणालात तर पाऊण तास.

पहिला गट डिसेंबरमध्ये येतो, ३० तारखेच्या रिझाल दिनाला लुनेतावर, म्हणजे रिझालला गोळ्या घातल्या त्या मैदानावर, न्यायचा आहे. उत्तर नोव्हेंबरअखेर द्या. मजकूर बदलला तर मी आहेच. नाही बदलला तर त्या दिवसासाठी दुसऱ्या कुणाला तरी सांगा, आणि मला तसं वेळेत कळवा, म्हणजे तारखा मोकळ्या करता येतील.

आपली,
मनिलातील एक मराठी दुभाषी